सात वाजता, चौघांसाठी

माझी आई वारली त्याला चार महिने झाले होते, तरी जहाज कंपनी तिला रोज संध्याकाळी सात वाजता जेवायला बोलावत होती.

यात कंपनीचा काही दोष नाही. फॉर्म मी भरला होता, आई होती तेव्हाच. मी मुरूडजवळच्या एका हायस्कुलात पर्यवेक्षक आहे आणि गेली बावीस वर्षं शाळेचं वेळापत्रक मीच करतो. (पाचव्या तासाला एकाच वर्गावर दोन शिक्षक, हा प्रकार आमच्याकडे फक्त एकदा झाला. त्या दिवशी मी रजेवर होतो.) अशा माणसाच्या हातात जेव्हा "जेवणाची वेळ निवडा : ठरावीक की लवचीक" असा फॉर्म येतो, तेव्हा तो दुसरं काय करणार? ठरावीक म्हणजे रोज सात वाजता, तेच टेबल, त्याच खुर्च्या, तोच वेटर. लवचीक म्हणजे वाटेल तेव्हा जा आणि मिळेल तिथे बसा. लवचीक हा शब्द वाचूनच मला शेवटच्या बाकावरची पोरं आठवली.

"अहो, बाबांना विचारा तरी," माझी बायको वैशाली म्हणाली.

"जेवायला सात वाजता बसायचं यात विचारायचं काय?"

"त्यांची भरतीची वेळ असते ना."

"जहाजावर कसली भरती?" मी म्हणालो आणि ठरावीकवर टिचकी मारली. टेबल चौघांचं. मी, वैशाली, आय आणि बा.

बा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं तांडेल होते, म्हणजे होडी त्यांच्या शब्दावर चालायची. आमच्या खाडीत होडी भरतीच्या पाण्यावर आत येते, त्यामुळे बा जेवायचे तेही भरतीवर. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. म्हणजे आमच्या घरात जेवण रोज पाऊण तासाने पुढे सरकायचं आणि पंधरा दिवसांनी होतं तिथे परत यायचं. होडी चुलतभावाला देऊन सहा वर्षं झाली, तरी बा भरतीला धक्क्यावर जाऊन बसायचे, होडी आली की घरी यायचे आणि मग पान घ्यायचे. आणि ते आल्याशिवाय आय जेवायची नाही. पन्नास वर्षं!

जहाजाची हौस आयची होती. सुकी मासळी वाळत घालता घालता ती लांबून जाणारी पांढरी जहाजं बघायची. आमच्याकडे बायकांना मासेमारीच्या होडीत नेत नाहीत, त्यामुळे सगळा जन्म समुद्राला खेटून काढलेली माझी आई कधी खोल पाण्यात गेलीच नव्हती. "बाईमानसाला होडीत न्हेत न्हाईत, जहाजात तरी न्हेतील ना रं?" तिने मला विचारलं होतं. "मना आपला गाव तिकरून बघायचा हाय. तुजा बा बघतो तसा."

आता वाईट भाग. खरं तर सगळाच वाईट आहे, पण हा जरा जास्त.

आयला मधुमेह होता. डॉक्टरांनी सांगितलं, जेवण वेळेवर. झालं! मी फ्रिजवर तिचं वेळापत्रक चिकटवलं आणि तिच्या फोनवर दोन गजर लावून दिले. साडेबाराचा गोळीचा, एकचा जेवणाचा. पहिला गजर आयने इमानेइतबारे पाळला, कारण तो मुलाने लावला होता. दुसरा वाजला की ती बंद करायची आणि नवऱ्याची वाट बघत बसायची. गोळी माझ्या वेळेवर आणि जेवण बांच्या भरतीवर. बहुतेक दिवस हे कसंबसं जमून जायचं. एके दिवशी होडीचं जाळं अडकलं, होडी दीड तास उशिरा आली. बा धक्क्यावर गप्पा मारत बसले. घरी आले तेव्हा दोन ताटं वाढून झाकलेली होती आणि आय त्या ताटांशेजारी घामाने भिजून पडली होती. साखर पार उतरली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं.

तेव्हापासून बांनी जेवण सोडलं. सोडलं असं ते म्हणायचे नाहीत. "टायम झाला न्हाय," म्हणायचे, नाहीतर "टायम गेला," म्हणायचे. मधली वेळ काही येतच नव्हती. दिवसाला दोन कप चहा आणि कुणी फारच मागे लागलं तर अर्धी भाकरी. चार महिन्यांत सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसायला लागला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, असंच चाललं तर पावसाळा बघणार नाहीत."

बांना वाटत होतं की ते धक्क्यावर गप्पा मारत बसले म्हणून ती गेली. त्या दिवशी तिने गोळी घेतली होती, हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी सांगितलं नव्हतं.

"जहाजाला जाऊया," वैशाली म्हणाली. "आईंची हौस बाबा तरी बघतील. हवाबदल झाला की भूक लागते." ते मला पटलं. मी बॅगा भरल्या, ओळखपत्रं घेतली, गोळ्या घेतल्या (मधुमेह मलाही आहे, आयकडूनच आला), पावणेसातचा गोळीचा गजर लावला. एकच गोष्ट विसरलो. आयचं नाव काढायचं विसरलो.

पहिल्या संध्याकाळी बरोबर सातला आम्ही जेवणघराच्या दाराशी उभे! टेबलावर चार पानं मांडलेली. चौथ्या ताटलीत नॅपकिनचं कमळ आणि त्यात आयच्या नावाचं कार्ड. आमचा वेटर सावियो, गोव्याचा, पन्नाशी ओलांडलेला, टक्कल पडलेला, अदबीने म्हणाला, "मॅडम येतायत मागून?"

मी तोंड उघडलं. वैशालीने तोंड उघडलं. तेवढ्यात बांनी कार्ड उचललं, उलटं धरून बघितलं, परत कमळात ठेवलं आणि म्हणाले, "ती वाट बघत असल."

सावियोने ते शब्दशः घेतलं आणि चौथ्या ग्लासात पाणी ओतलं.

शेजारच्या टेबलावर पनवेलचे एक गुजराती कापडवाले शेठ आणि शेठाणी होते. बोलकी माणसं. "शुं थयुं, मम्मीजींची तब्येत बरी नाही का?" शेठाणींनी विचारलं. "बोट लागते कुणाकुणाला. लिंबू द्या चाटायला."

"देतो," मी म्हणालो. (माणूस अशा वेळी काहीही म्हणतो.)

मग मी बांकडे वळलो. "बा, जेव."

"आज कंची तिथी?"

"अष्टमी."

"मंग भरती सहाला झाली. आता सात वाजलं. टायम गेला."

मी जेवलो. मला गोळीवर जेवावंच लागतं. समोर बा हात मांडीवर ठेवून बसलेले, शेजारी रिकामी खुर्ची, आणि मी सूप पितोय. त्या सूपला कसली चव होती ते देवाला ठाऊक.

रात्री मी विचार केला. (मी विचार केला की समजावं, काहीतरी बिघडणार आहे.) भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. उद्या नवमी, म्हणजे पावणेसात. माझे सात आणि त्यांचे पावणेसात यांत फक्त पंधरा मिनिटांचा फरक! जे पन्नास वर्षांत आमच्या घरात जमलं नाही ते उद्या जमणार. मी अक्षरशः आनंदात झोपलो.

दुसऱ्या दिवशी साडेसहापासूनच मी बांना घेऊन जेवणघराच्या दाराशी उभा. पावणेसात वाजले. गजर झाला, मी गोळी घेतली. दार बंद. आत टेबलं मांडलेली दिसतायत, सावियो दिसतोय, आयचं कमळ दिसतंय, आणि दार बंद! मी काचेवर टकटक केलं. आतल्या माणसाने घड्याळाकडे बोट दाखवलं. ते बोट मी ओळखलं. उशिरा येणाऱ्या पोरांना शाळेच्या फाटकाबाहेर उभं करताना मी तेच बोट दाखवतो.

सातला दार उघडलं. बा जागचे हलले नाहीत.

"ओहोट लागली," ते म्हणाले.

"अरे बा, पंधरा मिनिटांनी काय होतं?"

"तुला म्हायती हाय काय व्हतं त्ये," एवढंच म्हणाले आणि खोलीकडे निघून गेले. मी एकटाच जेवलो. वैशाली त्यांच्यामागे गेली आणि त्यांनी अर्धा पाव खाल्ला, तोही चहात बुडवून, असं तिने नंतर सांगितलं.

जेवण उरकून मी तडक चौकशीच्या टेबलावर गेलो. आयुष्यात पहिल्यांदा मी म्हणालो, "मला लवचीक करा."

"नक्की सर," तिथली मुलगी गोड हसली. "उद्या किती वाजता?"

"दशमी आहे. साडेसात."

दशमी तिच्या डोक्यावरून गेली. "लवचीकमध्ये साडेसात भरलंय सर. साडेपाच आहे किंवा साडेनऊ आहे."

"म्हणजे यात लवचीक काय आहे?"

"दोन्हीपैकी कुठलंही निवडू शकता, सर." ती आणखी गोड हसली. "आणि बदल करायचा तर टेबलावरच्या चारही पाहुण्यांची संमती लागेल. चौथ्या मॅडमना जरा इथे पाठवता?"

"त्या वारल्या."

तिचा चेहरा पडला. तिने घाईघाईने संगणकात बघितलं आणि हायसं वाटून वर पाहिलं. "नाही सर. दिसतायत. काल आणि आज, दोन्ही दिवस जेवल्यात."

मला तिथे हसूही येईना आणि रडूही येईना. चार महिन्यांत कुणीतरी पहिल्यांदाच मला सांगत होतं की आय जेवली.

सावियो मागे येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं असावं. म्हणाला, "साहेब, उद्याचं माझ्याकडे सोडा. टेबल तुमचं सातचंच राहील. बाबा कधीही येऊंदेत, मी गरम वाढीन. माझे पप्पा पण दर्यावर जायचे. त्यांना पण घड्याळ कळत नव्हतं."

तिसऱ्या संध्याकाळी जहाज परतीच्या वाटेवर होतं आणि आमच्या किनाऱ्यासमोरून जाणार होतं. जाताना ते खोल पाण्यातून गेल्यामुळे काहीच दिसलं नव्हतं. वैशाली बांना घेऊन वरच्या डेकवर गेली. "साडेसातला गाव दिसला की घेऊन येते," म्हणाली. "तुम्ही तोवर खाऊन घ्या."

"मी थांबतो," मी म्हणालो. दोन दिवस बा उपाशी असताना मी गिळत होतो, त्याची मला लाज वाटत होती. आज जेवू तर दोघं बरोबर. एवढं तरी करूच! पावणेसातचा गजर झाला. मी गोळी घेतली आणि टेबलावर जाऊन बसलो.

(वाचक हुशार आहेत. त्यांना आत्ताच कळलं असेल. मला कळलं नाही. मी फ्रिजवर वेळापत्रकं चिकटवणारा माणूस.)

सात. सावियोने सूप आणलं, मी परत पाठवलं. सव्वासात. त्याने पाव ठेवला. मी पावाला हात लावला नाही. शेजारी शेठ-शेठाणींच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस होता, त्यांच्यासाठी गुलाबी केक आला. साडेसात. भरती झाली. बा नाहीत. आय कशी बसत असेल, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. दोन झाकलेली ताटं आणि दाराकडे लागलेले डोळे. कंटाळा येत नाही हो त्यात. उलट बरं वाटतं. भूक लागते, मग मरते, मग अंगभर हलकं हलकं वाटतं, आणि वाटतं, थांबू की अजून थोडं.

पावणेआठला बा आले. डोळे लाल. "दिसला गाव," ते म्हणाले. "धक्क्याची बत्ती पन दिसली." मग घड्याळाकडे न बघताच म्हणाले, "पन टायम गेला."

मी म्हणालो, "बा, बस. तुला एक सांगायचंय. आयची गोळी."

असं मला म्हणायचं होतं. प्रत्यक्षात मी, "बा, पाचव्या तासाला आय कुणाची?" असं विचारलं, असं वैशाली सांगते. माझे हात थरथरत होते. सदरा पाठीला चिकटला होता. मी चौथ्या खुर्चीकडे बघून, "वर्गात उशिरा यायचं नाही," असंही म्हणालो म्हणे, आणि चमचा उचलायला गेलो तो ग्लासच आडवा केला.

"घाम बघ त्याचा!" बा ओरडले. चाळीस वर्षं वाऱ्यावर ओरडलेला तो आवाज. सगळं जेवणघर चिडीचूप. "वैशे, ह्यो जेवला का न्हाय?"

"तुमच्यासाठी थांबलेत, बाबा."

"आन गोली?"

"ती घेतली. पावणेसातला."

"साखर आना! साखर!"

आणि कुणी काही आणायच्या आत बा वळले, शेठ-शेठाणींच्या केकमध्ये मनगटापर्यंत हात घातला ("अरे भाई, अजून फोटो बाकी आहे!" असं शेठ म्हणाल्याचं मला अंधुक आठवतं) आणि तो गोळा माझ्या तोंडात कोंबला. मी गिळतो न गिळतो तोच दुसरा. तिसरा. चाळीस वर्षांच्या संसाराचा निम्मा केक मी तीन घासांत खाल्ला. नाकात क्रीम, मिशीत क्रीम. बा माझा जबडा धरून बसले होते आणि म्हणत होते, "गिल रं. गिल. गिल म्हनतो ना."

दहा मिनिटांनी मला पुन्हा चारच्या चार खुर्च्या नीट दिसायला लागल्या. शेठाणी मला रुमालाने वारा घालत होत्या. केकबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, हे मी कधी विसरणार नाही.

बा माझ्याकडे बघत होते. हातावर गुलाबी क्रीम तसंच होतं.

"तिनंपन घेतली व्हती?" त्यांनी हळूच विचारलं. "त्या दिशी. गोली."

"हो."

"कवा?"

"साडेबाराला. मी लावलेल्या गजरावर." मग जे चार महिने घशात अडकलं होतं ते क्रीमबरोबर बाहेर पडलं. "नुसत्या उशिराने नाही गेली ती, बा. गोळी पोटात आणि पोट रिकामं. वेळापत्रक माझं होतं. डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं. मी तुला सांगितलं नाही."

आता बा मला मारतील असं मला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी हातावरचं क्रीम सदऱ्याला पुसलं.

"मना वाटला, मीच येकल्यान मारली तिला," ते शेवटी म्हणाले.

"मला वाटलं, मी एकट्याने."

वैशाली तोंडावर पदर धरून रडत होती. सावियो पाठमोरा उभा राहून एकच काटा पुन्हा पुन्हा पुसत होता.

मग बांनी टेबलावरून हात लांब केला, चौथ्या खुर्चीपुढची ताटली आपल्यापुढे ओढली, त्यातलं कमळ उचलून कार्डासकट सदऱ्याच्या खिशात घातलं आणि म्हणाले, "वाढ."

"बाबा, टायम?" सावियोने विचारलं. मुद्दाम विचारलं त्याने. गोव्याची माणसं!

"तिचा टायम सातचा व्हता ना? तिला उशीर झालाय. वाढ लवकर."

ते जेवले. भात, आमटी, तळलेला मासा, परत भात. मासा मोडून बघितला, वास घेतला आणि म्हणाले, "चार दिसांचा हाय. आमच्यात ह्यो मांजराला घालत न्हाईत." आणि दुसरा तुकडा मागितला. शेठनी उरलेला केक आमच्याकडे सरकवला. बांनी तोही खाल्ला. आठ वाजून गेले होते. ओहोटी चांगली लागली होती, पण ते कुणी बोललं नाही.

आता आमच्या फ्रिजवर माझं वेळापत्रक नाही. तिथे बांचा हुकूम चालतो. ताट समोर आल्याशिवाय गोळीची डबी मला मिळत नाही. ती त्यांच्या खिशात असते, नॅपकिनच्या कमळाशेजारी. वजन तीन किलो वाढलंय. माझं. त्यांचं पाच.

परवा जहाज कंपनीकडून आयच्या नावाने एक फॉर्म आला. मॅडम, आपला प्रवास कसा झाला? जेवणाची वेळ सोयीची होती का? मी तो फाडायला निघालो, पण बा म्हणाले, "तिला इचारलाय ना? मंग भर." मी लिहिलं : गाव समुद्रातून दिसलं. पहिले दोन दिवस घरधनी सोबतीला जेवले नाहीत, तिसऱ्या दिवशी जेवले. शेवटचा रकाना होता, "पुढील प्रवाशांसाठी सूचना". मी पेन घेऊन विचार करत बसलो. बांनी विचारलं, काय विचारतायत. मी वाचून दाखवलं.

"लिव," ते म्हणाले. "जेवायचा टायम मास्तराला इचारू नका."

मी लिहिलं. आणि खाली आयची सही केली. बावीस वर्षांत दुसऱ्याच्या नावाने सही करणाऱ्या कितीतरी पोरांना मी अंगठे धरून उभं केलंय.